कारखाना गेला, क्लब राहिला

एमजी टीसी ही १९४५ ते १९४९ या काळात बनलेली दोन माणसांची इंग्लिश स्पोर्ट्‌स कार. तिच्या इंजिनाचा बोल्ट सैल करायला व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा पाना लागतो. पाना चपखल बसतो, बोल्ट निघतो. साहजिकच नवा बोल्ट आणणारा माणूस व्हिटवर्थचाच आणतो. तो बसत नाही. जोर लावला की ब्लॉकमधले आटे जातात आणि ऐंशी वर्षं टिकलेलं इंजिन लेथवाल्याच्या दारात जाऊन पडतं. कारण त्या बोल्टचं डोकं ब्रिटिश मापाचं असलं तरी आटे मेट्रिक आहेत. बरं, आजच्या दुकानातला आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्टही चालत नाही. आज दोन आट्यांमध्ये सव्वा मिलिमीटर अंतर असतं, या इंजिनात ते एकच मिलिमीटर आहे.

यामागे इतिहास आहे. हॉचकिस ही फ्रान्समधली शस्त्रास्त्रांची कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत कारखाना काढला. युद्ध संपल्यावर यंत्रं रिकामी पडली, तेव्हा मोटार-उत्पादक विल्यम मॉरिस यांच्यासाठी तिथे मोटारींची इंजिनं बनू लागली आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिक. इंग्लंडमधल्या मेकॅनिककडचे पाने व्हिटवर्थ, म्हणून डोकी ब्रिटिश. मॉरिसच्या घरातलीच एमजी पुढे याच परंपरेतलं इंजिन वापरत राहिली.

ज्याला हे कुणी सांगितलं नाही त्याच्या इंजिनाचं नुकसान ठरलेलं. बनवणारा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, त्यामुळे तिथे विचारायची सोय नाही. तरीही आज इंग्लंडच्या एखाद्या लहान गावातल्या तरुणाने आजोबांची टीसी गोठ्यातून बाहेर काढली, तर आठवड्याभरात त्याला हा बोल्ट कुठे मिळेल आणि किती ताणून बसवायचा हे सांगणारा माणूस भेटतो. तो माणूस पगारी नोकर नसतो. तो एमजी कार क्लबचा सभासद असतो. एका यंत्राच्या प्रेमापायी जमलेल्या माणसांनी शिस्तीने कामकाज चालवलं तर ते कारखान्यापेक्षा जास्त जगू शकतात, याचं या क्लबइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. म्हणून हा लेख.

एमजीचं अष्टकोनी चिन्ह आता आपल्याकडे ओळखीचं झालं आहे. २०१९ मध्ये हेक्टर आली, पुढे कॉमेट आणि विंडसर या विजेवरच्या गाड्या आल्या. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सिग्नलला हे चिन्ह दिसतं. या गाड्या गुजरातेत हलोलला बनतात आणि कंपनीची मालकी चिनी आणि भारतीय हातांत आहे. मूळ एमजीशी त्यांचं नातं नावापुरतं आणि चिन्हापुरतं आहे. पण हे नाव विकत घेण्याजोगं राहिलं ते कुणामुळे, असा प्रश्न विचारला तर उत्तराचा मोठा भाग इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एका साध्या इमारतीत सापडतो.

*

मॉरिस गॅरेजेस हे ऑक्सफर्डमधलं विल्यम मॉरिस यांचं गाड्यांची विक्री आणि दुरुस्ती करणारं दुकान. १९२२ मध्ये सेसिल किंबर तिथे व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या साध्या गाडीला ठेंगणी, देखणी बॉडी चढवायची, इंजिनाला थोडी धार लावायची आणि ती वेगळ्या नावाने विकायची, ही त्यांची कल्पना. मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरं म्हणजे एमजी. १९२९ च्या सुमारास १७५ पौंडांची लहानगी एम-टाइप मिजेट बाजारात आली आणि कारकून, शिक्षक, बँकेतले नोकर अशा माणसांच्या आवाक्यात पहिल्यांदा स्पोर्ट्‌स कार आली. त्याच सुमारास कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या लहान गावी, एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या आवारात हलला.

या नव्या एमजी-मालकांपैकी एकाने मोटारींच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं: एमजीवाल्यांचा एक क्लब का असू नये? ते वाचून जॉन थॉर्नली नावाचा तरुण कामाला लागला. तो लंडनमध्ये हिशेबनिसाचं काम शिकत होता आणि त्याच्याकडे एक एम-टाइप होती. रविवार, १२ ऑक्टोबर १९३० रोजी स्टीव्हनेजजवळच्या रोबक नावाच्या खाणावळीत पहिली सभा भरली आणि थॉर्नली चिटणीस झाला. क्लबचा पहिला चिटणीस हिशेब शिकलेला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाडी जोरात पळवणारे पुष्कळ भेटतात. वर्गणीची पावती वेळेवर फाडणारा, पत्राला उत्तर देणारा, सभेचं इतिवृत्त लिहून ठेवणारा माणूस पहिल्याच दिवशी मिळाला की संस्थेचा पाया पक्का होतो.

किंबर यांनी हे हेरलं. क्लबला त्यांनी पाठिंबा दिला आणि वर्षभरात थॉर्नलीला कारखान्यातच नोकरीवर घेतलं. हाच माणूस १९५२ मध्ये एमजीचा सर्वोच्च व्यवस्थापक झाला. एमजीए आणि एमजीबी या दोन सर्वाधिक गाजलेल्या गाड्या त्याच्या कारकिर्दीत आल्या. ग्राहकांच्या संघटनेचा चिटणीस कारखान्याचा प्रमुख होतो, असं उद्योगाच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल. किंबर यांचा शेवट मात्र वाईट झाला. युद्धकाळात, १९४१ मध्ये, त्यांना कंपनीतून जावं लागलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या रेल्वे अपघातात ते गेले. ‘सेफ्टी फास्ट’ हे एमजीचं घोषवाक्य क्लबच्या मासिकाने १९५९ पासून आपलं नाव म्हणून मिरवलं आहे.

*

क्लबची रचना समजून घेण्यासारखी आहे. तिचे दोन उभे-आडवे धागे आहेत. एक धागा गावांचा: देशाच्या प्रत्येक भागात क्लबचं एक सेंटर, म्हणजे स्थानिक शाखा. दुसरा धागा गाड्यांचा: प्रत्येक जातीच्या गाडीचं एक रजिस्टर. १९३६ ते १९५५ मधल्या टी मालिकेचं टी रजिस्टर, एमजीएचं वेगळं, एमजीबीचं वेगळं; आणि १९२९ ते १९३६ मधल्या मिजेट, मॅग्ना व मॅग्नेट या तीन ‘म’कारी गाड्यांचं ट्रिपल-एम रजिस्टर. सभासद एकाच वेळी दोन्हीकडे असतो. शेजारपाजारची सोबत त्याला सेंटरमधून मिळते आणि तांत्रिक ज्ञान रजिस्टरमधून. आपल्याकडच्या बहुतेक हौशी मंडळांत फक्त पहिला धागा असतो. म्हणून तिथे स्नेहभोजनं छान होतात, पण कार्बोरेटर कुणालाच उघडता येत नाही.

सेंटरचं महिन्यातून एकदा ठरल्या वारी, ठरल्या पबमध्ये जमणं असतं. त्याला ‘नॉगिन अँड नॅटर’ म्हणतात. घोटभर पेय आणि गप्पा. पबच्या मागच्या अंगणात गाड्या उभ्या राहतात, बॉनेट उघडली जातात. कुणाचा एसयू कंपनीचा पेट्रोल पंप टिकटिक करत थांबत नाही, म्हणजे कुठेतरी हवा ओढतोय किंवा कार्बोरेटरची सुई धरत नाही. कुणाच्या एमजीबीच्या सीटमागच्या दोन सहा-व्होल्टच्या बॅटऱ्यांपैकी एक बसली आहे. कुणी १९६७ च्या आधीच्या गाडीत रेडिओ लावून तो जाळून घेतला आहे, कारण त्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. उपाय सांगणारे दोघे-तिघे लगेच पुढे होतात, त्यांच्यात मतभेद होतात आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं निदान बरोबर निघतं. अर्धं ज्ञान इथेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातं. उरलेलं अर्धं लिहून ठेवलेलं असतं, आणि लिहून ठेवणं हे समितीचं काम.

समितीच्या बैठकीत बाहेरच्या माणसाला काही रोमांचक सापडणार नाही. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, स्पर्धा-चिटणीस, सभासद-नोंदणी पाहणारा, वार्तापत्राचा संपादक, टोप्या-बिल्ले-टाय विकणारा. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्च. हॉलचं भाडं, जेवणाच्या ताटाचा दर, कोणी आगाऊ पैसे भरलेले नाहीत. विम्याचा हप्ता. सहलीच्या रस्त्याची पाहणी कोण करणार आणि रस्त्यावरच्या शेतकऱ्याला कोण भेटून येणार. वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदाराचं पद रिकामं होतंय, त्याला कोण उभं राहणार. आणि इथे नेहमी शांतता पसरते.

विम्याचाच एक विषय घ्या. साध्या विमा कंपनीच्या लेखी चाळीस-पन्नास वर्षांची गाडी म्हणजे भंगार. गाडीला अपघात झाला तर कंपनी भंगाराचा भाव देणार. म्हणून आधी ठरवलेल्या किमतीचा विमा घ्यावा लागतो, आणि ती किंमत ठरवायला गाडीची जात ओळखणारा, निःपक्ष माणूस लागतो. क्लबचा मूल्यमापक गाडी पाहतो, फोटो आणि नोंदी तपासतो, पत्रावर सही करतो. त्या सहीला बाजारात किंमत आहे, कारण ती भलत्या गाडीला मिळत नाही. क्लबची प्रतिष्ठा अशा नकारांतून तयार होते.

*

आता वेगाकडे वळू, कारण स्पोर्ट्‌स कारचा क्लब म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर शर्यतच येते. वाहतुकीला खुल्या असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला ब्रिटनमध्ये सक्त बंदी आहे. रस्त्यावरच्या रॅलीत आखून दिलेला सरासरी वेग ताशी ३० मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरच्या वर नेता येत नाही. या मर्यादेतून इंग्लिश क्लबांनी कौशल्याचे खेळ शोधून काढले, आणि माझ्या मते ते शर्यतीपेक्षा सरस आहेत.

बारा गाड्यांची रॅली हा त्यातला सर्वांत लहान प्रकार. बारा किंवा त्याहून कमी गाड्या असतील तर कायद्याची मोठी परवानगी लागत नाही, म्हणून आकडा बारा. हिवाळ्यातल्या संध्याकाळी जोड्या निघतात. एक चालवणारा, दुसरा नकाशा वाचणारा. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा मांडीवर, हातात भिंग आणि छोटा दिवा. मार्ग सरळ सांगत नाहीत. चौकोनांचे आकडे, समोच्च रेषांची उंची, ओलांडायच्या चर्च आणि पुलांची यादी, अशी कोडी देतात. इथे जिंकतो तो नकाशा वाचणारा. नवरा-बायकोच्या, बाप-लेकीच्या जोड्या यात पिढ्यान्‌पिढ्या खेळत आल्या आहेत, आणि गाडी कितीही साधी असली तरी चालते.

ट्रायल हा आणखी जुना खेळ. १९३० च्या दशकात एमजीने यातच नाव काढलं. डोंगराच्या चढावर चिखलाची, दगडांची, झाडांच्या मुळांची वाट. कडेला आकड्यांच्या खुंट्या. गाडी न थांबता जितकी वर जाईल तितके दंडाचे गुण कमी. घड्याळ नसतं. जोरात ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याची चाकं जागच्या जागी फिरतात आणि तो खालीच रुततो. मागच्या टायरमधली हवा किती काढायची, शेजारच्या माणसाने नेमकं कधी उसळी मारून वजन मागे टाकायचं, क्लच कधी सोडायचा, हे कळणारा वर पोचतो. सह्याद्रीच्या पावसाळी वाटांवर जीप चालवलेल्या कुणालाही हा खेळ पाहताक्षणी समजेल.

ऑटोटेस्ट मोकळ्या मैदानात किंवा वाहनतळावर होते. शंकूंमधून पुढे-मागे, आत-बाहेर, उलटं गॅरेजमध्ये घालून पुन्हा सुटायचं. शंकू पाडला की काही सेकंदांचा दंड. स्प्रिंट आणि हिलक्लाइम्बमध्ये मात्र खरा वेग असतो, पण एका वेळी एकच गाडी बंद मार्गावर घड्याळाविरुद्ध धावते आणि वर्ग इंजिनाच्या आकाराप्रमाणे पाडलेले असतात. आधी तपासणी. बॅटरीच्या अर्थिंगच्या तारेवर पिवळी खूण आहे ना, म्हणजे अपघात झाला तर कुणीही ओळखून ती तोडेल. ॲक्सिलरेटर सोडल्यावर स्प्रिंग तो परत ओढते ना. हेल्मेट मान्यताप्राप्त आहे ना. तपासणारा आणि वळणावर झेंडा घेऊन दिवसभर थंडीत उभा राहणारा मार्शल हे दोघेही क्लबचेच सभासद असतात, आणि मोबदल्यात त्यांना चहा-सँडविच मिळतं. ज्याने वर्षातून एकदाही मार्शलचं काम केलं नाही त्याने गाडी पळवायला येऊ नये, अशी अनेक ठिकाणी न लिहिलेली रीत आहे. आपल्याकडच्या क्लबांनी पहिली कुठली रीत उचलावी, असं मला विचाराल तर मी ही सांगेन.

गाड्या घासून-पुसून रांगेत उभ्या करायच्या आणि परीक्षकांनी टॉर्च घेऊन खाली वाकून पाहायचं, त्या कॉन्कूर प्रकाराबद्दल मी फार लिहीत नाही. त्यातून मूळ रंग, मूळ कापड, मूळ स्क्रू यांचं ज्ञान जपलं जातं हे खरं. पण बक्षिसाच्या धाकाने जी गाडी पावसात बाहेर निघत नाही ती अर्धी संग्रहालयात गेल्यासारखीच.

*

१९७९ च्या सप्टेंबरात ॲबिंग्डनने कारखान्याची पन्नास वर्षं साजरी केली. गावात मिरवणूक निघाली. तिथल्या मोरलंड कंपनीने त्यानिमित्त खास बिअर काढली आणि तिला कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षं पळणाऱ्या, रंगाचे शिंतोडे उडालेल्या एका जुन्या एमजीचं टोपणनाव दिलं. ‘ओल्ड स्पेकल्ड हेन’ आजही विकली जाते. सोहळा आटोपून आठवडाही झाला नसेल, तोच १० सप्टेंबरला, सोमवारी, मूळ कंपनी ब्रिटिश लेलँडने एमजीचं उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पौंड वधारला होता आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीमागे तोटा होतो, असं कारण सांगितलं गेलं. पण एमजीबीवर वर्षानुवर्षं पैसा खर्च केला नव्हता, हेही तितकंच खरं होतं. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी १९७४ मध्ये तिला जाड काळे रबरी बंपर लावले, गाडीची उंची वाढवली आणि तिची वळणावरची पकड बिघडवली. नवं मॉडेल दिलं नाही.

गाड्यांचे मालक रस्त्यावर उतरले. लंडनमध्ये एमजींचा मोर्चा निघाला, निवेदनं गेली. ॲस्टन मार्टिनच्या लोकांनी एकत्र येऊन कारखाना घेण्याचा प्रयत्न केला, पण पैशांची जुळवाजुळव झाली नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक बनल्या होत्या. कारखान्याची जागा विकली गेली.

क्लब मात्र तोवर स्वतःच्या पायावर उभा राहायला शिकला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश लेलँडने क्लबला मिळणारी मदत बंद केली, तेव्हा सभासदांनी कारभार आपल्या हातात घेतला. तो धक्का आधी बसला हे बरं झालं. १९७३ मध्ये केंब्रिजजवळ एमजी ओनर्स क्लब ही दुसरी संस्था उभी राहिली आणि तिने सामान्य एमजीबी-मालकाला स्वस्त विमा आणि सुटे भाग मिळवून देण्यावर भर दिला. दोघांत चुरस होती. पण कारखाना पडला तेव्हा हजारो मालकांचे पत्ते, गाड्यांचे क्रमांक आणि वर्गणीचा चालू हिशेब या क्लबांच्या कपाटांत होता. एखाद्या उद्योजकाला ‘एवढी मागणी आहे’ असं कागदावर दाखवता येण्याजोगं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

ही गोष्ट १९८८ मध्ये सिद्ध झाली. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालचा पत्रा सडला की गाडीचा कणाच गेला. इंग्लंडच्या पावसात आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरतात त्या मिठात हजारो गाड्या अशा संपत होत्या. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेच्या डेव्हिड बिशप यांनी जुने साचे शोधून काढायला सुरुवात केली. काही प्रेस-कारखान्यांच्या आवारात गंजत पडले होते. ते जमवून १९८८ मध्ये एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी, मूळ साच्यांतून बनवलेली, विक्रीला आली. बंद पडलेल्या गाडीची कोरी बॉडी! मालक जुन्या गाडीचं इंजिन, ॲक्सल, सीट, काचा काढून नव्या बॉडीत बसवू लागले. या यशामुळेच एमजीची तेव्हाची मालक असलेल्या रोव्हर कंपनीला १९९२ मध्ये त्याच बॉडीवर आधारलेली आरव्ही८ काढायचं धाडस झालं. सुमारे दोन हजार बनल्या, बहुतेक जपानला गेल्या. कारखान्याने जी गाडी नकोशी म्हणून टाकली होती, तिच्या मालकांनी तिला बारा वर्षांनी पुन्हा बाजारात आणलं, असंच मी म्हणेन.

*

किंबर हाऊस हे क्लबचं मुख्यालय ॲबिंग्डनला, जुन्या कारखान्याच्या जागेला लागूनच आहे. १९५५ च्या आधीच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी तिथे जपल्या आहेत. एमजीच्या बहुतेक जुन्या मॉडेलांची पहिली चासी २५१ क्रमांकाची, कारण कारखान्याचा फोन नंबर ॲबिंग्डन २५१ होता. अशा बारीक गोष्टींची नोंदवही केवळ हौस नसते. १९३३ ची के३ मॅग्नेट ही शर्यतीची गाडी. तात्सिओ नुवोलारी याने त्याच वर्षी आयर्लंडमधली टूरिस्ट ट्रॉफी तिच्यावर जिंकली. मूळ के३ फक्त ३३ बनल्या. पण साध्या के मॅग्नेटच्या चासीवर शर्यतीची बॉडी चढवून बनवलेल्या प्रतिकृती त्याहून कितीतरी जास्त आहेत. खरी कुठली, प्रतिकृती कुठली, कुणाचं इंजिन कुणात गेलं, हे ट्रिपल-एम रजिस्टरच्या वह्या सांगतात. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असताना त्या वह्या प्रामाणिक राहिल्या, कारण लिहिणारे विक्रीचा धंदा करत नाहीत.

सरकारही या वह्यांवर विश्वास ठेवतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं जुन्या गाडीला रस्ताकर माफ आहे आणि २० मे २०१८ पासून, मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. पण गाडी खरोखर किती सालची हे सांगणार कोण? कागद हरवलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर परत मिळवून द्यायचा असेल तर परिवहन खातं मान्यताप्राप्त क्लबचा दाखला मागतं. क्लबचा माणूस चासी क्रमांक स्वतः पाहतो आणि लिहून देतो.

पेट्रोलचं उदाहरण तर आपल्या फारच जवळचं आहे. २००० च्या आरंभी ब्रिटनमध्ये शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचं संरक्षण असे. ते गेलं की सीट झिजते. जुन्या वाहनांच्या क्लबांनी १९८८ मध्येच आपला महासंघ स्थापन केला होता. त्याने प्रयोगशाळेत इंजिनं चालवून बाजारातल्या रसायनांची चाचणी करवली आणि कुठली उपयोगी, कुठली फसवी, हे जाहीर केलं. पुढे इथेनॉल आलं तेव्हाही तसंच. २०२१ च्या सप्टेंबरात दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्वत्र आलं. इथेनॉल ओलावा ओढतं, जुने रबरी पाइप आणि कॉर्कची पॅकिंग खराब करतं. पण पाच टक्क्यांचं उंची पेट्रोल पंपावर मिळत राहावं हा आग्रह महासंघाने लावून धरला होता आणि ते मिळत राहिलं. एकट्यादुकट्या मालकाचं मंत्रालयात कोण ऐकलं असतं?

अमेरिकेत या क्लबांची रोपं दुसऱ्या महायुद्धानंतर गेली. इंग्लंडमध्ये राहून आलेल्या सैनिकांना एमजीची गोडी लागली होती. बनलेल्या दहा हजारांतल्या दोन हजारांच्या आसपासच टीसी थेट अमेरिकेत विकल्या गेल्या, पण तिथल्या स्पोर्ट्‌स कार चळवळीची सुरुवात त्यांच्याभोवती झाली. २ ऑक्टोबर १९४८ ला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावच्या रस्त्यांवर शर्यत झाली तेव्हा रांगेत बऱ्याच टीसी होत्या. १९६३ मध्ये तिथे न्यू इंग्लंड एमजी टी रजिस्टर निघालं आणि त्याच्या मेळाव्याला त्यांनी ‘गॅदरिंग ऑफ द फेथफुल’ म्हटलं. निष्ठावंतांचं संमेलन.

*

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. जुन्या गाड्यांच्या मालकांच्या संस्था मुंबईत आहेत, रॅली निघतात, फुटपाथवर दुतर्फा गर्दी होते. हे सगळं मला आवडतं. पण रॅली म्हणजे क्लबच्या कामाचा दहावा हिस्सा. उरलेल्या नऊ हिश्श्यांकडे आपण फारसं वळलेलो नाही.

आणि आता तिकडे वळण्याची वेळ आली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. गाडी मूळ रूपात आहे की नाही हे राज्याच्या समितीने पाहायचं. पण मूळ रूप कोणतं हे समितीला सांगणार कोण? १९६० च्या दशकातल्या प्रीमियर गाडीचा, मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डचा मूळ रंग, मूळ कार्बोरेटर, मूळ स्विच यांची नोंदवही कुठे आहे? शिवाय २०२५ पर्यंत आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं. कुठला पाइप टिकतो, कुठलं पॅकिंग विरघळतं, टाकीत पेट्रोल किती दिवस ठेवावं, याची चाचणी इथल्या मालकांनी एकत्र येऊन करवून घ्यायला हवी.

आपल्याकडे संस्था चालवण्याची परंपरा कमी नाही. वाचनालयं, व्याख्यानमाला अशा संस्था मराठी माणसाने शंभर-शंभर वर्षं चालवून दाखवल्या आहेत. घटना कशी लिहायची, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब कसा द्यायचा, इतिवृत्त कसं ठेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तीच शिस्त जुन्या मोटारींच्या कामात आणायची आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अजूनही असे भाग पडलेले आहेत की ज्यांचं नाव ओळखणारी माणसं झपाट्याने कमी होत चालली आहेत. कोल्हापूर, सांगली, नाशिकच्या जुन्या गॅरेजांत असे मिस्त्री बसले आहेत की इंजिनाच्या आवाजावरून टॅपेटचं अंतर सांगतात. त्यांच्याकडचं एक अक्षरही कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घराच्या मागे ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी असेल, मग ती एमजी असो, हेरल्ड असो नाहीतर आजोबांची फियाट, तर या दिवाळीत एवढं करा. चासी आणि इंजिनाचा क्रमांक स्वतः पाहून वहीत लिहा, आरसी बुकाचे आणि जुन्या बिलांचे फोटो काढून ठेवा, आणि ती गाडी ज्या मिस्त्रीने सांभाळली त्याच्याकडे जाऊन त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. मग आपल्या गावात तशीच गाडी असलेली आणखी चार माणसं शोधा आणि पहिल्याच बैठकीत आधी चिटणीस आणि खजिनदार निवडा. अध्यक्ष नंतर निवडला तरी चालेल.